मोजपट्टीचा माणूस

गुरुदत्त कानविंद्यांच्या घरी पाहुण्याला चहा मिळायच्या आधी अप्पाजीपंत भेटत. कॅनडातल्या डार्टमथमधलं ते घर, हॉलमध्ये गॅसची फायरप्लेस, तिच्यावर सागवानी चौकट. चौकटीत पागोटं घातलेला, भरघोस मिशांचा, सरळ समोर बघणारा माणूस आणि त्याच्या गळ्यात चंदनाचा हार. पाहुणा बूट काढून आत आला रे आला की गुरुदत्त त्याला तिथे उभा करत आणि गोष्ट सुरू होई. सत्तावन्नच्या बंडात बुंदेलखंडातल्या बिसोऱ्याच्या गढीवर इंग्रजांनी तोफा डागल्या. गढीचे कारभारी अप्पाजीपंत कानविंदे, म्हणजे गुरुदत्तांचे खापरपणजोबा. त्यांची कोठी जमीनदोस्त झाली, घरातली बारा माणसं आत गाडली गेली, तान्हा मुलगा आजोळी होता म्हणून वंश टिकला. पण हा माणूस ढिगाऱ्यासमोरून हलला नाही. शेवटी एका साहेबाने कॅमेरा आणून त्याचा तसाच उभ्या उभ्या फोटो काढला.

"डोळे बघा," गुरुदत्त म्हणत. "भीती दिसतेय कुठे?"

आता खरं सांगायचं तर गुरुदत्त बहात्तर साली कॅनडात आले तेव्हा ढिगाऱ्याखाली चार माणसं होती. पन्नास वर्षांत ती बारावर गेली. उमाताई चहा घेऊन येताना हळूच विचारत, "आज कितीजण गेले?" आणि पाहुणे हसत. गुरुदत्तांना ते मुळीच आवडत नसे. स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, उगाच काही बोलत नाही असा त्यांचा स्वतःबद्दलचा समज होता.

फोटो आला तो वडिलांमुळे. वडील नागपूरला शाळामास्तर. एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात त्यांना 'बिसोरा, कारभाऱ्याची पडकी कोठी' असं चित्र सापडलं. कोठीसमोर बोटभर उंचीचा एक माणूस उभा. वडिलांनी ठरवून टाकलं, कोठी आपली तर माणूसही आपलाच. स्टुडिओत जाऊन त्यांनी तेवढा माणूस कंबरेपासून वर कापून मोठा करून घेतला. मोठा करताना चेहरा फुटला, तेव्हा स्टुडिओतल्या आर्टिस्टने ब्रश घेऊन मिशा भरल्या आणि पागोट्याला छानसा तुरा काढून दिला. हातात त्याने काहीतरी उभं धरलं होतं, त्याचं फक्त वरचं टोक चौकटीत राहिलं. तो भाला, असं घरात सगळे धरून चालले. विचारणार कोण?

दर सर्वपित्रीला उमाताई त्या फोटोपुढे पान वाढत. वडे, खीर, आमसुलाची चटणी. मग ते पान घरामागच्या लाकडी डेकवर ठेवायचं. कावळा यायच्या आधी बंदरावरचा सीगल झडप घालायचा तो भाग वेगळा.

तर या गोष्टीवर नात केयाने लेख लिहिला. केया म्हणजे त्यांच्या मुलाची, शौनकची मुलगी, व्हँकुव्हरची, हॅलिफॅक्सला इतिहास शिकायला आली आणि आजीआजोबांच्या बेसमेंटमध्ये राहू लागली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तरं मात्र इंग्रजीत. युनिव्हर्सिटीच्या पेपरात तिने खापरपणजोबांच्याही आजोबांवर पानभर लिहिलं, न हललेला माणूस म्हणून. गुरुदत्तांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी त्या पेपराच्या वीस प्रती आणल्या आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात वाटल्या.

तो लेख वाचूनच सप्टेंबरात फोन आला.

"गुरुदत्त अंकल बोलतायत का? मी नाओमी तुस्कानो. म्युझियममध्ये जुन्या फोटोंचं कलेक्शन बघते."

आवाज मराठी, तोही स्वच्छ. गुरुदत्त म्हणाले, "तुम्ही ख्रिश्चन असून मराठी फार छान बोलता हो."

"आम्ही वसईचे, अंकल. घरात तेच बोलतो," नाओमी हसून म्हणाली. गुरुदत्तांचं ते वाक्य तिने टोरांटोतल्या स्कारबरोत शाळेत असल्यापासून ऐकलं होतं. ती पुढे कामाचं बोलली. नोव्हा स्कोशियातल्या एका जुन्या कुटुंबाने म्युझियमला एक अल्बम दिला होता. त्यांचा कुणी पूर्वज इंजिनियर ऑफिसर म्हणून हिंदुस्थानात होता आणि अठराशे अठ्ठावन्न साली त्याने तोफांनी पडलेल्या इमारतींचे फोटो काढले होते. त्यावर ऑक्टोबरात प्रदर्शन. अल्बममध्ये बिसोरा होतं. अंकल बघायला येतील का? आणि उद्घाटनाला चार शब्द बोलतील का?

येतील का म्हणजे काय! दुसऱ्याच दिवशी गुरुदत्त इस्त्रीचा कोट घालून हॅलिफॅक्सला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले.

नाओमी तिशीची, कानात छोटे क्रूस, हातात निळे ग्लव्हज. तिने लांब टेबलावर फोमचे दोन ठोकळे ठेवले आणि त्यांच्यावर अल्बम अलगद उघडला. "तेव्हा लढाईचा फोटो निघायचाच नाही, अंकल," ती म्हणाली. "काच ओली करायची, कॅमेऱ्यात घालायची, आणि मग कितीतरी सेकंद सगळं स्थिर पाहिजे. जे हललं ते पुसलं जायचं. म्हणून हे लोक लढाई संपल्यावर यायचे आणि पडकी घरं काढायचे. घरं हलत नाहीत ना."

पहिल्याच पानावर कोठी होती. दर्शनी भिंत कोसळलेली, वरच्या मजल्याचा एक दरवाजा आभाळात उघडलेला. आणि खाली तो. आख्खा. अनवाणी, गुडघ्यापर्यंत धोतर, पागोट्याला तुरा नाही. हातात भाला नव्हता. काठी होती, त्याच्या डोक्याहून वीतभर उंच, आणि काठीवर खालपासून वरपर्यंत एक काळा पट्टा, एक पांढरा पट्टा, एक काळा, एक पांढरा.

गुरुदत्तांनी ती काठी लगेच ओळखली. अहो, दुसरा कुणी असता तर त्याला कळलंही नसतं. पण या माणसाने चौतीस वर्षं तडे गेलेल्या पुलांचे आणि खचलेल्या बेसमेंटच्या भिंतींचे फोटो काढले होते, आणि दर फोटोत भिंतीला अशीच पट्टेवाली पट्टी टेकवून ठेवली होती. मोठ्या इमारतीला तर हाताखालच्या माणसाला काठी देऊन उभं करायचे. हलू नकोस म्हणायचे. उंचीचा अंदाज यावा म्हणून. त्यातल्या एकाचंही नाव त्यांना आता आठवत नव्हतं.

नाओमीने पान उलटलं. वेशीचा दरवाजा, समोर तोच माणूस, तीच काठी. मग भोक पडलेली मशीद. तोच. ढासळलेला बुरूज. तोच. आपल्या उद्ध्वस्त कोठीसमोरून न हललेले अप्पाजीपंत दुसऱ्यांच्या भिंतींसमोरही तितक्याच निष्ठेने न हलता उभे होते.

"तुमच्या घरी जे मानतात त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा, अंकल," नाओमी हळू आवाजात म्हणाली. "शेवटच्या पानावर ऑफिसरने लिहिलंय. तुम्ही वाचा निवांत." तेवढ्यात तिला बाहेरून कुणी बोलावलं आणि ती गेली. मुद्दामच गेली असेल.

शेवटच्या पानावर कोठीचं मागचं अंगण होतं. विहीर, आणि विहिरीच्या काठावर ओळीने मांडलेली हाडं. दोन कवट्या. शेजारी तो माणूस, या वेळी काठीविना. खाली शाईने बारीक इंग्रजी अक्षर. अंगण फारच रिकामं दिसत होतं, म्हणून माझ्या भिकाकडून विहिरीतली हाडं वर काढून घेतली. भिका जातीचा महार, चांगला स्थिर उभा राहतो.

मजकूर पानाच्या मागच्या बाजूला चालू होता. गुरुदत्तांनी पान उलटलं नाही. त्यांनी अल्बम मिटला.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं ते सांगितलंच पाहिजे. ही हाडं आपल्या माणसांची असतील, हे आलं नाही. या माणसाला कुणी असं करायला लावलं, हेही आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की ह्याच्या पाया पडलो आपण. पन्नास वर्षं. पोरांना नमस्कार करायला लावला. ह्याच्यापुढे पान वाढलं. आपण जात मानत नाही असं मंडळाच्या व्यासपीठावरून दोनदा भाषण केलेला माणूस हा, आणि टेबलाशी बसून त्याच्या मनात हे आलं, जसं काही ते आयुष्यभर तिथेच दबा धरून बसलं होतं.

नाओमी परत आली तेव्हा गुरुदत्तांची मखलाशी तयार होती. "हे बघ नाओमी, ह्यात जातीचा उल्लेख आहे. हे असं भिंतीवर लावलं तर आपल्या लोकांच्या भावना दुखावतील. तू इकडे वाढलीस, तुला ह्यातलं नाजूकपण कळणार नाही."

"जात नाही लिहिणार, अंकल. पण नाव तर लिहू ना? अशा फोटोंत नाव सापडत नाही कुणाचं. इथे सापडलंय."

"नाव लिहिलं की लोक खोदत बसतात. अनोळखी माणूस म्हण. बास. आणि शेवटचा फोटो भिंतीवर नको."

नाओमीने पेन उघडलं. तिची नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची, आणि असल्या बाबतीत समाजाच्या ज्येष्ठांना विचारून करायचं हा म्युझियमचा नियम. ज्येष्ठ समोर बसले होते. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि तिने लिहून घेतलं.

मंगळवारी उमाताई ग्रोसरीला गेल्या तेव्हा गुरुदत्तांनी चौकट खाली काढली. हार काढून परसातल्या ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकला, बुधवारी गाडी येते म्हणून. चौकट गराजमध्ये विंटर टायर्सच्या मागे उभी केली. मग किचनमध्ये येऊन त्यांनी सिंकपाशी हात धुतले. भांड्यांचा साबण घेऊन, कोपरापर्यंत, चांगले चोळून चोळून. अर्ध्यात त्यांना आपले हात दिसले. चौकटीला धूळ नव्हती, उमाताई दर शनिवारी पुसत. मग हे कसलं धुणं चाललंय, हे त्यांना कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळ तसाच वाहत राहिला. नाओमीला तेव्हाच फोन करता आला असता. फोन समोरच होता. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि कोड्याचं पुस्तक घेऊन बसले.

"फोटो कुठाय?" उमाताईंनी पिशव्या ठेवताच विचारलं.

"खिळा ढिला झालाय. बघतो."

आणि केयाला सांगितलं, म्युझियमने मागितला तर द्यायला म्हणून फोटो उतरवून ठेवलाय. केया भाषण ऐकायला मैत्रिणी घेऊन येणार होती. तिच्यासमोर काय बोलायचं हे तीन आठवडे गुरुदत्तांना ठरेना. खरं सांगावं तर नात काय म्हणेल, आणि खोटं सांगावं तर ते नाओमीच्या तोंडावर कसं सांगायचं? शेवटी त्यांनी अप्पाजीपंतांना पूर्ण वगळून एकोणिसाव्या शतकातल्या चुन्याच्या बांधकामावर भाषण लिहिलं. चुना हलत नाही, बोलत नाही.

उद्घाटनाला साठेक माणसं होती. मंडळाचे लोक होते, ऑफिसरच्या कुटुंबातल्या दोन वृद्ध बहिणी होत्या. भिंतीवर कोठीचा फोटो दारभर मोठा करून लावला होता आणि त्याखाली छापलेलं होतं, कारभाऱ्याची कोठी, समोर अनोळखी माणूस. केया त्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिने आजोबांकडे पाहिलं. गुरुदत्त सामोसा खाण्यात गुंतले.

कोपऱ्यात टेबलावर एक टचस्क्रीन होता, त्यावर आख्खा अल्बम बोटाने उलटता येत असे. अनोळखी लिहा म्हणाले होते अंकल, भिंतीवर नको म्हणाले होते. पानं फाडून टाका असं काही ते म्हणाले नव्हते, आणि नाओमीने ती फाडली नव्हती. केया एकेक पान सरकवत शेवटच्या पानावर गेली. मग पानामागे. गुरुदत्त प्लेट हातात घेऊन तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले तेव्हा ती वाचत होती, मोठ्याने, तिच्या मैत्रिणींसाठी.

पानामागे ऑफिसरने लिहिलं होतं. फोटो झाल्यावर तंबू हलवायचा होता, पण भिका जागचा हलेना. त्याने हाडं एकेक करून आंब्याखाली नेली, खड्डा खणून पुरली, वर दगड रचले. हुकूम दिला तरी ऐकेना. कुणाची आहेत ती, असं विचारलं तर म्हणाला, माहीत नाही साहेब, कुणाची तरी असतीलच. सकाळचा सगळा उजेड वाया गेला.

गुरुदत्तांनी प्लेट टेबलावर ठेवली. कोठीच्या विहिरीतली हाडं. ढिगाऱ्याखाली चार गेले का बारा गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण जे कोण गेले त्यांना माती दिली ती या माणसाने. वंशाने नाही. वंश आजोळी होता. आणि ही एवढी ओळ वाचायला फक्त पान उलटायचं होतं.

केया वळली. "आजोबा, ही हॅज अ नेम. भिका. इट्स राइट हिअर. मग भिंतीवर अनोळखी का?"

नाओमी शेजारीच होती. तिने गुरुदत्तांकडे एकदा पाहिलं, मग खाली कार्पेटकडे. "सॉरी केया, ती माझी चूक," ती म्हणाली. "लेबलं मीच लिहिलीत. उद्या बदलते."

सुटका म्हणतात ती हीच. दार उघडं होतं, एक पाऊल टाकायचं होतं. आणि गुरुदत्त ते टाकणारही होते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी मान हलवायला सुरुवातसुद्धा केली होती. पण नाओमीच्या गालावर लाली चढलेली त्यांना दिसली. दुसऱ्याची लाज अंगावर घेतल्यावर जशी चढते तशी. ही पोर वसईची, आपण जिला मराठीचं सर्टिफिकेट दिलं ती, आपल्यापायी सगळ्यांत खोटी पडत होती.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं तिला. नाव लिहू नको म्हणून."

"पण का?"

"घरातला फोटो, केया, तो हाच आहे. अप्पाजीपंत नाहीत. तो भाला नाही, मोजपट्टी आहे. मला तीन आठवडे माहीत आहे."

उमाताई जवळ आल्या होत्या. मंडळाचे दोघेतिघे कान देऊन उभे होते. केयाने स्क्रीनवर पान मागे सरकवलं, ती भिकाची जात लिहिलेली ओळ पुन्हा वाचली, आणि आजोबांकडे बघितलं. ती हुशार मुलगी होती, म्हणून तर गुरुदत्तांना तिची भीती वाटत होती.

"तो आपल्या फॅमिलीतला नाही म्हणून काढलास त्याला?" ती चक्क मराठीत म्हणाली, हळू, शब्द शोधत. "का ह्याच्यामुळे?" तिचं बोट त्या एका शब्दावर होतं.

खोटं बोलायला अजूनही जागा होती. "ह्याच्यामुळे," गुरुदत्त म्हणाले.

केयाने स्क्रीनवरचं बोट काढलं. तिने मैत्रिणींना हाताने चला म्हटलं आणि ती दुसऱ्या भिंतीकडे गेली. चुन्याच्या बांधकामावरचं भाषण खिशातच राहिलं. नाव पुकारलं तेव्हा गुरुदत्त माइकपाशी गेले आणि तीन वाक्यं बोलले. या माणसाचं नाव भिका. त्याने आमच्या घरच्यांना माती दिली. भिंतीवर त्याचं नाव नाही, ते मी सांगितलं म्हणून. टाळ्या वाजाव्यात की नाही हे लोकांना कळेना. त्या वाजल्या नाहीत तेच बरं झालं.

फेरीत केया पुढच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून बसली. उमाताई नवऱ्याशेजारी बसल्या, पण पर्स मांडीवर घट्ट धरून.

घरी आल्यावर कोट न काढताच उमाताई गराजमध्ये गेल्या आणि चौकट घेऊन आल्या. कुठे आहे हे त्यांना बहुधा पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. त्यांनी ती पदराने पुसली आणि खिळ्यावर लावली. खिळा अजिबात ढिला नव्हता.

"हार?" त्यांनी विचारलं.

"ग्रीन बिनमध्ये टाकला."

"कधी?"

"त्याच मंगळवारी."

उमाताई मोकळ्या गळ्याच्या त्या फोटोकडे बघत राहिल्या. "पन्नास वर्षं मी ह्याला पान वाढलं," त्या म्हणाल्या. "ते योग्य माणसालाच जात होतं हो. तुम्हीच तेवढे मधे आलात."

केया बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने एक कागद आणला होता, त्यावर मार्करने मराठीत नाव लिहिलं होतं, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात. तो तिने आजोबांना दिला नाही. स्वतःच टाचा उंच करून चौकटीच्या खालच्या कडेत खोचला आणि खाली निघून गेली. उमाताईंनी हात जोडले, आणि त्या आत चहा टाकायला गेल्या.

हॉलमध्ये गुरुदत्त आणि तो राहिले. स्टुडिओने काढलेला तुरा, स्टुडिओने भरलेल्या मिशा, पण डोळे त्याचेच होते. सरळ समोर बघणारे, कुणीतरी हलू नकोस म्हटलेले. गुरुदत्तांनी हात जोडायला वर उचलले. मग सिंकपाशी चोळले ते हेच हात, हे आठवलं, आणि ते तसेच खाली आले.